गेटवरचा शिक्का आणि संगणकातली तारीख: चाकणची कंपनी आणि भोसरीचं वर्कशॉप यांच्यातल्या व्यवहाराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत चाकणला घडलं. दोन्ही बाजूंची ओळख पटू नये म्हणून नावं, रकमा आणि सुट्या भागाचा प्रकार गाळला आहे. मी तेव्हा कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात होतो, त्यामुळे आतली चर्चा जवळून बघितली. पुरवठादाराची बाजू नंतर त्यांच्याकडे बसून ऐकली.

कंपनी मोठी, शेअर बाजारात नोंदलेली आणि वाहन उत्पादकांना जोडसंच पुरवणारी. तिची पुरवठादारांसाठी छापील आचारसंहिता आहे: लाच देऊ नका, बालमजूर ठेवू नका, किमान वेतन द्या, सांडपाणी नाल्यात सोडू नका. प्रत्येक व्हेंडर दरवर्षी त्यावर सही करून देतो. संहिता मनापासून लिहिलेली आहे आणि तिच्यामुळे काही कारखान्यांत चांगले बदल झालेले मी पाहिले आहेत. मात्र तिच्यातली जवळपास सगळी कलमं व्हेंडरने कसं वागावं हे सांगतात. कंपनीने व्हेंडरशी कसं वागावं याबद्दल एकच ओळ होती, ठरलेल्या मुदतीत पैसे दिले जातील अशी.

पुरवठादार म्हणजे भोसरी एमआयडीसीतलं टर्निंग आणि ड्रिलिंगचं वर्कशॉप. मालकांनी पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यातली नोकरी सोडून जुन्या लेथवर सुरुवात केली होती. आता सीएनसी मशिनं आहेत, वीसेक कामगार आहेत, आणि हिशेब व डिस्पॅच त्यांची मुलगी बघते. कामाचा मोठा वाटा या एकाच कंपनीचा. उद्यम नोंदणीत, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, ते ‘लघु’ वर्गात येतात. खरेदी विभागातला तिशीच्या आतला अधिकारी मालकांना ‘काका’ म्हणायचा आणि साठीतले काका त्याला ‘साहेब’. वरवर हा नेहमीचा शिष्टाचार, पण पुढचं सगळं समजायला तो लक्षात ठेवावा लागतो. काका कधी आवाज चढवणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं.

अडचण

पर्चेस ऑर्डरवर लिहिलं होतं: जीआरएनपासून ४५ दिवसांत पेमेंट. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची कंपनीच्या संगणकातली नोंद. माल गेटवर आला की सिक्युरिटी चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, तारखेचा शिक्का मारते, मग माल स्टोअरला जातो, क्वालिटीवाले तपासतात आणि त्यानंतर जीआरएन होतो. या साखळीत दोन-तीन दिवस जाणं साहजिक आहे.

मुलगी प्रत्येक चलनाची शिक्का मारलेली प्रत फाइलला लावायची. एकदा पेमेंटचा हिशेब जुळवताना तिने शिक्क्याची तारीख आणि जीआरएनची तारीख शेजारी-शेजारी लिहून काढली. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातल्या मालाचा जीआरएन दोन-तीन दिवसांत झालेला होता. वीस तारखेनंतर गेलेल्या मालाची नोंद मात्र बहुतेक वेळा पुढच्या महिन्यात पडत होती. तोवर तो ‘क्वालिटी होल्ड’वर दाखवलेला असायचा. त्यात पेमेंट महिन्यातून दोनदाच निघायचं, एक फेरी चुकली की बिल पुढच्या फेरीला. असं करत करत कागदावरचे ४५ दिवस गेटपासून मोजले तर ७५-८० व्हायचे.

वर्कशॉपच्या बाजूने हे कसं दिसतं ते नीट सांगायला हवं, कारण मोठ्या कंपनीत बसलेल्या माणसाला ते सहसा दिसत नाही. बारस्टॉक, म्हणजे कच्च्या धातूच्या सळ्या, देणारा व्यापारी फार उधारी ठेवत नाही. पगार सात-आठ तारखेला द्यावेच लागतात. पीएफ आणि ईएसआय १५ तारखेपर्यंत भरायचा. बिल केलं की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, मग कंपनीने पैसे दिले असोत वा नसोत. म्हणजे न मिळालेल्या पैशावरचा कर आधी खिशातून जातो. हे सगळं बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे येणी आणि साठ्यावर मिळणाऱ्या उचलीवर, चालतं, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक सहसा उचल ठरवताना धरत नाही. बिल त्या रेषेजवळ सरकलं की ज्या महिन्यात पैशाची गरज सगळ्यात जास्त, त्याच महिन्यात उचल कमी होते. काकांनी दोनदा घरचं सोनं ठेवून पगार केले होते. ते कंपनीत कुणाला कळलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलंही नव्हतं.

दुसरी गोष्ट २०२४च्या फेब्रुवारीत घडली. प्राप्तिकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याने ठरवलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजावटीला धरला जाईल, असं ते सांगत होतं. मार्चअखेरीला थकलेल्या रकमांवर जास्त कर बसणार हे दिसल्यावर वित्त विभागाने सगळ्या व्हेंडरांकडून उद्यम नोंदणीची माहिती मागवली. इथवर ठीक होतं. त्यानंतर खरेदी अधिकाऱ्याचा काकांना फोन आला.

“काका, तुमचं उद्यम आहे ना? ते रद्द करून टाका. स्मॉलमधल्या लोकांचं शेड्यूल कमी करायचं चाललंय वरती. मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

शेड्यूल म्हणजे कंपनी मागवणार त्या मालाचं प्रमाण. “बघतो साहेब, मुलीला विचारून सांगतो,” एवढंच काका म्हणाले.

कायदा कुठे उभा होता

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६चा. त्यात लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी वाचलं जातं ते कलम २. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून, आणि स्वीकाराचा दिवस म्हणजे प्रत्यक्ष माल पोचल्याचा दिवस. खरेदीदाराने पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तरच ती दूर होईपर्यंत तारीख पुढे जाते. हरकत नसेल, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. कंपनीच्या संगणकात नोंद कधी झाली याला त्यात जागाच नाही. ‘जीआरएनपासून ४५ दिवस’ ही पर्चेस ऑर्डरवरची ओळ मुळातच कायद्याला सोडून होती, आणि ती वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर छापलेली होती.

उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ धरून व्याज द्यावं लागतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. हे व्याज करात वजाही मिळत नाही.

वर्कशॉपसमोरचे पर्याय

वर्कशॉपमध्ये तीन मतं होती. काकांचं म्हणणं, गप्प बसावं. काम आहे तर सगळं आहे. कामगारांना जुळवून घेणाऱ्या सुपरवायझरने सुचवलं की उद्यम रद्द करावं, कारण कागद गेला तरी मशिनं राहतात. मुलगी म्हणाली, केंद्र सरकारच्या समाधान पोर्टलवर अर्ज टाकू. तो अर्ज तेव्हा राज्याच्या सुविधा परिषदेकडे जायचा, तिथे आधी समेटाचा प्रयत्न व्हायचा आणि मग लवाद. ती वाट कायद्याने भक्कम आहे. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पण चालू ग्राहकाविरुद्ध अर्ज केला की तो ग्राहक राहत नाही, असं एमआयडीसीत प्रत्येक जण मानतो. म्हणून असे अर्ज बहुधा नातं तुटल्यावरच होतात.

त्यांनी मधला मार्ग काढला. मुलीने आधी कंपनीच्या व्हेंडर हेल्पडेस्कला मेल केला. तो मेल खरेदी विभागाकडेच गेला, आणि उत्तर आलं की आपली बिलं प्रक्रियेत आहेत. जागल्यांसाठीची, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीची, स्वतंत्र यंत्रणा कंपनीत होती, पण ती फक्त कर्मचारी आणि संचालकांसाठी. कंपनी कायद्याचं कलम १७७ तेवढंच मागतं, आणि कंपनीने तेवढंच केलं होतं. शेवटी तिने वार्षिक अहवालातला पत्ता काढून लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना रजिस्टर्ड पत्र पाठवलं. सोबत शिक्का मारलेली चलनं आणि तारखांचा तक्ता. पत्रात एकही आरोप नव्हता. शेवटी फक्त विचारलं होतं: “आमचा माल आपण कोणत्या दिवशी स्वीकारता, हे कृपया लेखी कळवावे.”

चौकशीत काय आढळलं

अध्यक्षांनी पत्र आमच्या विभागाकडे दिलं. आम्ही त्या व्हेंडरपुरतं न बघता सूक्ष्म आणि लघु वर्गातल्या सगळ्या व्हेंडरांच्या नोंदी घेतल्या: गेटचं रजिस्टर, जीआरएन आणि असेंब्ली लाइनच्या बॅच नोंदी. तिसरी गोष्ट महत्त्वाची ठरली. वाहन उद्योगात कोणत्या जोडसंचात कोणत्या लॉटचा भाग बसला याची नोंद ठेवावी लागते. त्या नोंदींत जीआरएनच्या कितीतरी दिवस आधी तेच लॉट नंबर दिसत होते. कागदावर तपासणीसाठी थांबलेला माल कच्च्या स्लिपवर लाइनला गेला होता, बसवला गेला होता, काही वेळा ग्राहकाकडे पोचलाही होता.

हे एका अधिकाऱ्याचं काम नव्हतं. कुणी पैसे खाल्ल्याचा पुरावाही मिळाला नाही. स्टोअरच्या प्रमुखांवर महिनाअखेरचा साठा कमी ठेवण्याचं उद्दिष्ट होतं, आणि नोंद न झालेला माल साठ्यात दिसत नाही. खरेदी विभागाचं मूल्यमापन सरासरी किती दिवसांनी पैसे जातात यावर होतं. दिवस जास्त तर कामगिरी चांगली. दोन्ही उद्दिष्टांवर वार्षिक बोनस अवलंबून होता. पुढे माल उशिरा नोंदवायला कुणी लेखी आदेश द्यावा लागला नाही, तो आपोआप उशिरा नोंदला जाऊ लागला.

समितीला खरा धक्का बसला तो वेगळ्याच ठिकाणी. लघु उद्योगांची थकबाकी आणि त्यावरचं व्याज वार्षिक हिशेबात दाखवावं लागतं. कंपनी दरवर्षी तिथे शून्य दाखवत होती, कारण संगणक दिवस जीआरएनपासून मोजत होता. कंपनी कामकाज मंत्रालयाकडे ४५ दिवसांवरच्या थकबाकीचं सहामाही विवरणही जातं. ऑक्टोबर ते मार्चचं विवरण ३० एप्रिलपर्यंत भरायचं होतं. आता प्रश्न एका वर्कशॉपचा उरला नव्हता.

कंपनीसमोरचे पर्याय

पहिली सूचना खरेदी विभागाची: या व्हेंडरचे सगळे पैसे आजच द्या आणि विषय मिटवा. हे सगळ्यात सोपं आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. जो बोलला त्याला पैसे मिळाले, ही बातमी भोसरीत दोन दिवसांत पसरते आणि बाकीच्यांना त्यातून काय शिकायचं ते ते शिकतात.

दुसरी: काम हळूहळू मध्यम वर्गातल्या व्हेंडरांकडे न्यायचं, म्हणजे ४३बी(एच) लागूच होणार नाही. याला बैठकीत बराच पाठिंबा होता. प्लँट हेडने विरोध केला. त्याचं कारण व्यावहारिक होतं: हे लहान वर्कशॉपवाले रात्री फोन केला तरी सकाळी माल घेऊन उभे राहतात, मोठे व्हेंडर शेड्यूलची आठवडाभर आधी सूचना मागतात.

तिसरी: ट्रेड्स प्लॅटफॉर्म. तिथे खरेदीदाराने मान्य केलेलं बिल वित्तसंस्था वटवते आणि व्हेंडरला पैसे लवकर मिळतात. ही व्यवस्था उपयोगी आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण बिल मान्य कधी करायचं हे पुन्हा कंपनीच्याच हातात. मान्यता जीआरएननंतर देत राहिलो असतो तर उशीर तिथेही तसाच राहिला असता, वर वटवण्याचा खर्च व्हेंडरने सोसायचा की कंपनीने, हा वादही आला असता.

चौथी: मोजणी गेटपासून सुरू करायची.

वित्तप्रमुखांचा आक्षेप होता आणि तो हलका नव्हता. ग्राहकच आम्हाला ६० दिवसांनी पैसे देतात, मग आम्ही ४५ दिवसांत कुठून द्यायचे? एका स्वतंत्र संचालकबाईंनी त्यांना विचारलं, आपल्याला बँकेकडून कर्ज किती टक्क्यांनी मिळतं आणि त्या वर्कशॉपला किती टक्क्यांनी? पहिला आकडा वित्तप्रमुखांना तोंडपाठ होता. दुसरा त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हता. काकांच्या कॅश क्रेडिटचा दर मागवला तेव्हा तो कंपनीच्या दरापेक्षा बराच जास्त निघाला. आपलं खेळतं भांडवल आपण आपल्यापेक्षा महाग कर्ज काढणाऱ्या माणसाकडून उभं करत होतो. त्यानंतर आक्षेप मागे पडला.

काय केलं

मोजणी गेटच्या शिक्क्यापासून सुरू झाली आणि पर्चेस ऑर्डरवरची ओळ बदलली. क्वालिटीने पाच कामाच्या दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर संगणक माल आपोआप स्वीकारतो. कच्च्या स्लिपवर लाइनला माल देणं बंद झालं. जो भाग लाइनवर गेला तो स्वीकारला, असं धरायचं ठरलं. साठ्याचं आणि पेमेंटच्या दिवसांचं उद्दिष्ट बोनसच्या हिशेबातून काढलं.

मागच्या व्याजावर सगळ्यात लांब चर्चा झाली. कायदा सल्लागारांचं म्हणणं, मागणी केली आहे त्यालाच द्या. समितीने ते मानलं नाही, पण किती मागे जायचं यावर तडजोड केली. चालू आणि आधीच्या आर्थिक वर्षातलं व्याज सर्व सूक्ष्म आणि लघु व्हेंडरांना न मागता द्यायचं ठरलं. त्याआधीचं राहिलं. माझ्या मते तेही द्यायला हवं होतं. नोंदी उपलब्ध होत्या.

इथे कुणी अपेक्षिलं नव्हतं असं झालं. कळवल्यावर काही व्हेंडरांनी लिहून दिलं की आम्हाला व्याज नको, काम चालू ठेवा. वित्त विभागाला ती पत्रं सोयीची वाटली. पण कलम १६ मधलं व्याज करारात काही लिहिलं असलं तरी देय होतं, आणि असं पत्र भीतीपोटी आलेलं असतं हे उघड होतं. शेवटी रक्कम विचारल्याशिवाय थेट खात्यात जमा केली. मला हा संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात योग्य निर्णय वाटतो.

फोन करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली. उद्यम रद्द करायला सांगा, ही सूचना त्याला तोंडी मिळाली होती. ती देणाऱ्या वरिष्ठांवर काही कारवाई झाली नाही, कारण लेखी काही सापडलं नाही. हे मला पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. काकांचं शेड्यूल दोन तिमाही प्लँट हेडच्या सहीशिवाय कमी करायचं नाही, असाही आदेश निघाला.

परिणाम

मार्चमध्ये सगळी जुनी बिलं निघाली. पण मार्चमध्ये ती तशीही निघतात; कराचा फटका ३१ मार्चला थकलेल्या रकमेवरच बसतो, त्यामुळे त्या महिन्यात प्रत्येक कंपनी वेळेवर पैसे देणारी असते. म्हणून आम्ही पुन्हा तपासणी जुलैत केली. एका स्टोअरमध्ये जुनं दुखणं नव्या रूपात दिसलं. महिनाअखेरीच्या मालावर हरकतीचे मेल गेले होते आणि प्रत्येकात एकच वाक्य होतं: तपासणी प्रलंबित. आपण अजून तपासलं नाही, ही मालाविरुद्धची हरकत होऊ शकत नाही. त्यानंतर हरकतीत ड्रॉइंगवरचं कोणतं माप चुकलं, किती नगांत चुकलं आणि प्रत्यक्ष मोजमाप काय आलं हे लिहिणं बंधनकारक केलं. अशा हरकती एकदम कमी झाल्या.

वर्कशॉपला पैसे आता वेळेवर मिळतात. चालू भागांचं शेड्यूलही कमी झालं नाही. पण पुढच्या वर्षभरात नव्या भागांच्या चौकशा त्यांच्याकडे जवळपास आल्याच नाहीत. पूर्वी नवीन ड्रॉइंग आलं की पहिला फोन काकांना जायचा. यामागे कुणाचा हेतू होता हे सिद्ध करता येत नाही. कुणाला कोटेशन मागायचं, हा खरेदी विभागाचा रोजचा निर्णय, त्याची कारणं कुठे लिहिली जात नाहीत. काका म्हणाले, “चालायचंच.” मुलगी म्हणाली, हे आधी माहीत असतं तरी मी पत्र लिहिलंच असतं, आणि तिने आता दुसऱ्या दोन ग्राहकांचं काम घेतलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

तक्रारीची वाट व्हेंडरांसाठी आधीपासून उघडी हवी होती, आणि ती खरेदी विभागाच्या दारातून जाणारी नको. रजिस्टर्ड पत्र लिहू शकणारी मुलगी प्रत्येक वर्कशॉपमध्ये नसते.

अंतर्गत तपासणीत गेट रजिस्टर, जीआरएन आणि बॅच नोंदी या तिन्ही तारखा एकत्र बघायची पद्धतच नव्हती. तिन्ही संगणकात होत्या. वर्षातून एकदा, तेही मार्चपासून लांबच्या महिन्यात, त्या जुळवल्या असत्या तर हे कितीतरी आधी दिसलं असतं.

साखळीच्या पुढच्या कडीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. काकांचा माल प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा द्यायला, बाहेर एका छोट्या युनिटकडे जातो. कंपनीकडून पैसे अडकायचे तेव्हा काका त्या प्लेटिंगवाल्याला तीन-तीन महिने थांबवायचे. मी भेटलो तेव्हा मुलीने स्वतःहून त्याचं खातं दाखवलं. कंपनीचे पैसे वेळेवर यायला लागल्यावर त्यांनी त्याची मुदतही ४५ दिवसांवर आणली होती. पण हे त्यांनी आपल्या मनाने केलं. कंपनीच्या पर्चेस ऑर्डरमध्ये पुढच्या कडीबद्दल आजही एक शब्द नाही. सांडपाण्याबाबत त्या प्लेटिंग युनिटची कागदपत्रं मागणारी आचारसंहिता त्याच्या पैशाबद्दलही विचारू शकते.

आणि सूडबुद्धीपासून संरक्षण फक्त शेड्यूलपुरतं दिलं, तिथे मोठी फट राहिली. तक्रार केलेल्या व्हेंडरकडे पुढची दोन वर्षं कोणत्या नव्या चौकशा गेल्या आणि कोणत्या गेल्या नाहीत, याची यादी कारणांसह लेखापरीक्षण समितीपुढे यायला हवी. हा प्रस्ताव मी माझ्या शेवटच्या अहवालात मांडला होता. खरेदी विभागाने त्यावर कामकाजात ढवळाढवळ होईल असं उत्तर दिलं आणि समितीने तो पुढच्या बैठकीवर ठेवला. मी कंपनी सोडली तोवर ती बैठक झालेली नव्हती.